‘स्टेप डाउन’ म्हणजे नेमके काय?



आपल्या धर्मग्राम समितीची मुदत संपली आहे. काही सभासद दोन-दोन मुदती पूर्ण करून मोकळे होत आहेत. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी त्याला ‘स्टेप डाउन’ म्हटले, मोठ्यांनी त्याचा अर्थ ‘राजीनामा’ असा लावला, आणि एक-दोन घरी जाऊन लोक विचारू लागले की, ‘यांना राजीनामा का द्यावा लागला?’ कोणीही राजीनामा दिलेला नाही. मुदत संपली, एवढेच. पण एका शब्दाने चांगल्या माणसांच्या मनाला एवढा चटका बसत असेल, तर तो शब्द नीट समजून घेतला पाहिजे. म्हणून या रविवारच्या अभ्यासलेखासाठी हाच विषय घेतला आहे.

इंग्रजीत ‘स्टेप’ म्हणजे पाऊल आणि पायरीही. ‘डाउन’ म्हणजे खाली. दोन्ही शब्द पहिलीच्या मुलालाही ठाऊक असतात. ते जोडून आले की साधा अर्थ होतो पायरी उतरणे. पद म्हणजे उंच जागा ही कल्पना जगभर आहे: राजाचे सिंहासन, न्यायाधीशाचा मंच, जुन्या शाळेतला गुरुजींचा चौथरा. त्या उंच जागेवरून एक पाऊल खाली टाकले की माणूस इतरांच्या जमिनीवर येतो. त्यावरून ‘स्टेप डाउन’ म्हणजे पद सोडणे असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला.

आपल्या शेतकरी बांधवांना हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. शेतातल्या डीपीवर जो ट्रान्सफॉर्मर असतो तो ‘स्टेप डाउन’ जातीचा. अकरा हजार व्होल्टच्या दाबाने आलेली वीज तो चारशे व्होल्टच्या आसपास उतरवतो, तेव्हा कुठे विहिरीवरची मोटार चालते. तिथे कोणी पद सोडत नाही, फक्त दाब उतरतो. (आणि ऐन हंगामात डीपी जळाली की काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको.)

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी येथे थोडे व्याकरण लक्षात ठेवावे. ‘ही स्टेप्ड डाउन ॲज चेअरमन’ असे म्हणतात. ‘ॲज’ नंतर पदनाम येते. ‘ही स्टेप्ड डाउन फ्रॉम द कमिटी’ असेही म्हणतात. ‘फ्रॉम’ नंतर पद किंवा संस्था येते. मात्र या अर्थाने हे क्रियापद अकर्मक आहे. विजेचा दाब दुसऱ्याला ‘स्टेप डाउन’ करता येतो, माणसाला करता येत नाही. ‘अध्यक्षांना स्टेप डाउन केले’ असे इंग्रजीत म्हणताच येत नाही. दुसऱ्याने काढले असेल तर ‘रिमूव्ह’, ‘डिसमिस’, ‘सॅक’ असे वेगळे शब्द लागतात.

हा केवळ व्याकरणाचा मुद्दा नाही, म्हणून जरा थांबू या. या वाक्प्रचारात पद सोडणारा माणूसच नेहमी कर्ता असतो. पायरी तोच उतरतो. त्याच्या पाठीवर कोणाचा हात होता का, ते वाक्यात दिसत नाही. म्हणूनच मोठ्या कंपन्यांना आणि राजकीय पक्षांना हा शब्द फार आवडतो. ज्याला रात्री बोलावून ‘उद्या तुम्ही नाही’ असे सांगितले, त्याच्याविषयीही सकाळच्या पत्रकात ‘ही हॅज डिसायडेड टू स्टेप डाउन’ असे छापता येते. वाक्य खोटे नसते. तो उतरला हे खरेच असते. पण ते पुरे खरेही नसते.

आता मराठीकडे या. आपल्याकडे ‘स्टेप डाउन’च्या अगदी जवळचा शब्द आहे ‘पायउतार होणे’. पूर्वी घोड्यावरून किंवा पालखीतून खाली उतरून पायी होण्याला हा शब्द वापरत. आज वर्तमानपत्रांत मंत्री आणि सरकारे पायउतार होतात, आणि बहुतेक वेळा कोणीतरी उतरवलेली असतात. ‘गाशा गुंडाळणे’ हाही त्याच तबेल्यातला, कारण गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे कापड. बळजबरीच्या जाण्याला तर मराठीत शब्दांची रासच आहे: हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती, डच्चू. स्वखुशीच्या जाण्याला मात्र मोजकेच, आणि तेही संस्कृतातून आलेले, ‘पदत्याग’ आणि ‘निवृत्ती’. यावरून आपल्या समाजाच्या अनुभवाविषयी काय अनुमान काढायचे ते ज्याने त्याने काढावे.

‘राजीनामा’ हा शब्द फारसीतून आला. ‘राजी’ म्हणजे कबूल, ‘नामा’ म्हणजे लेख. मूळ अर्थ संमतीचा लेख. वादी-प्रतिवादी पंचांचा निवाडा मान्य आहे असे लिहून देत, तोही राजीनामाच. मुंबई इलाख्यात शेतकरी सरकारला लिहून देई की ही जमीन मी सोडतो, तो राजीनामा, आणि नवा कास्तकार ती घेतो असे लिहून देई ती कबुलायत. सोडणे आणि घेणे अशी ही जोडी होती. हिंदीतला ‘इस्तीफा’ अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘माफी’ आहे. मला यातून मोकळे करा, अशी ती विनंती. इंग्रजी ‘रिझाइन’ लॅटिनमधून आला. तिथे मूळ कल्पना शिक्का मोडण्याची, केलेली नोंद रद्द करण्याची. एकच कृती, पण एका भाषेत ती संमती आहे, दुसरीत विनंती, तिसरीत नोंद रद्द करणे. हे तिन्ही प्रकार प्रत्यक्षात घडतात. म्हणून कोणी पद सोडले हे ऐकल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. निर्णय कोणाचा होता? आणि उतरल्यावर तो माणूस उभा कुठे राहिला?

यासाठी फार लांब जायची गरज नाही. लोकनायक बापूजी अणे आपल्याच जिल्ह्यातले. जन्म वणीचा, २९ ऑगस्ट १८८०. वकिली आणि राजकारण यवतमाळात. टिळकांचे अनुयायी. १९३० च्या जुलैमध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि अटक करून घेतली. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर त्यांचे आणि पंडित मालवीयांचे काँग्रेसशी पटले नाही, तेव्हा दोघे बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. पुढे १९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि परदेशातील भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. ज्याने दहा वर्षांपूर्वी सरकारचे गवत कापले तोच आता सरकारात बसला, हे पुष्कळांना रुचले नव्हते.

१० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना, एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांच्या जिवाला धोका होता, पण सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. १७ फेब्रुवारीला कार्यकारी मंडळातील तीन सभासदांनी पद सोडले: होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे. त्यांनी जे संयुक्त निवेदन काढले ते अगदी लहान होते. गांधीजींच्या उपोषणाबाबत काय करावे या मूलभूत प्रश्नावर मतभेद झाले, त्यामुळे आम्हाला पदावर राहता येत नाही, असा त्याचा आशय होता. व्हाइसरॉयांनी दाखवलेल्या सौजन्याबद्दल आभारही त्यात मानले होते. कोणावर चिखलफेक नव्हती, आणि कारण लपवलेलेही नव्हते.

याला इंग्रजीत ‘स्टेप डाउन’ म्हटले तर चूक ठरणार नाही, पण शब्द फिका पडेल. येथे ‘रिझाइन’ हाच शब्द हवा. कारण या जाण्याला एक म्हणणे आहे. हे सरकार जे करीत आहे त्याखाली माझे नाव नको, असे ते म्हणणे. जुन्या अर्थाने बापूजींनी आपला शिक्का मोडला. नंतर ते काही अडगळीत गेले नाहीत. त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. २६ जानेवारी १९६८ रोजी ते वारले. यवतमाळात त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलींना इमारतीवरचे नाव रोज दिसते. त्या नावामागचा हा १९४३ चा प्रसंग त्यांनी घरी सांगावा.

आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, दोघेही पुसद तालुक्यातल्या नाईक घराण्याचे. त्यांचे पद सोडणे वेगळ्या प्रकारचे आहे. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, सलग राहिले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनीच राज्य सांभाळले. मग पक्षश्रेष्ठींनी नेतृत्व बदलायचे ठरवले, नाईक बाजूला झाले आणि २१ फेब्रुवारी १९७५ ला शंकरराव चव्हाण आले. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये शरद पवार दिल्लीहून परत आले.

ही जाणी स्वेच्छेची म्हणायची की सक्तीची? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आम्हाला होते. भर समुद्रात वादळ होते. जहाज बुडू नये म्हणून खलाशी माल समुद्रात फेकतात. माल फेकायची हौस कोणालाच नसते. पण त्या वेळी शहाणा माणूस तो फेकतो, आणि फेकणारे हात त्याचेच असतात. ॲरिस्टॉटल म्हणतो की अशी कृत्ये मिश्र असतात, तरी ती स्वेच्छेच्या बाजूला अधिक झुकतात, कारण त्या क्षणी निवड माणूसच करतो. राजकारणातली बहुतेक ‘स्टेप डाउन’ अशा मिश्र जातीची असतात. ‘त्यांना काढले’ म्हणणे अर्धवट, आणि ‘त्यांनी त्याग केला’ म्हणणेही अर्धवट. अशा ठिकाणी हा इंग्रजी वाक्प्रचार मला प्रामाणिक वाटतो, कारण जेवढे ठाऊक आहे तेवढेच तो सांगतो: ते वर होते, आता खाली आले.

उतरल्यावर कुठे उभे राहिले, हा दुसरा प्रश्न. वसंतराव १९७७ मध्ये वाशिममधून लोकसभेवर गेले आणि १९७९ मध्ये वारले. सुधाकरराव काही काळ हिमाचल प्रदेशचे राज्यपाल होते. पण आज त्यांचे नाव निघते ते जलसंधारणाच्या कामासाठी, आणि १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. मुख्यमंत्रिपद पावणेदोन वर्षेही टिकले नाही. नाव टिकले ते बंधाऱ्यांवर.

आता मला ज्याची गोष्ट सर्वांत अधिक सांगायची आहे त्या माणसाकडे येतो. आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्तसभेत हे घडले, तरी आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते.

१९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप म्हणून थॉमस रॉबर्ट्स यांची नेमणूक झाली. ते इंग्रज, येशूसंघीय, वय ४४. आधी लिव्हरपूलमध्ये धर्मगुरू होते. मुंबईच्या या पदामागे एक जुनी गुंतागुंत होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वी भारतातील ख्रिस्तसभेवर काही हक्क मिळालेले होते. त्या हक्कांवरून दीडशे वर्षे भांडणे झाली. शेवटी १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. पाळीपाळीने! रॉबर्ट्स यांच्याआधीचे आर्चबिशप लिमा पोर्तुगीज होते. म्हणजे रॉबर्ट्स यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज. मुंबई धर्मप्रांतात हजारो भारतीय कुटुंबे आणि कितीतरी भारतीय धर्मगुरू, पण त्यांच्यातला कोणी त्या आसनावर बसेल अशी तरतूदच त्या करारात नव्हती.

रॉबर्ट्स यांना हे मान्य नव्हते. देश स्वतंत्र होणार हे दिसत होते, आणि मुंबईला भारतीय आर्चबिशप हवा असे त्यांचे स्पष्ट मत होते. पण नुसता राजीनामा देऊन काय साधले असते? करार तसाच होता. खुर्ची रिकामी झाली असती तर पाळी पोर्तुगालची आली असती. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप म्हणून अभिषेक झाला. ग्रेशियस यांचा जन्म १९०० साली कराचीत, गोव्याहून तिकडे गेलेल्या घरात. रॉबर्ट्स यांनी धर्मप्रांताचा कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबई सोडून गेले. पद अजून त्यांचेच होते. पण आर्चबिशपांचे काम एक भारतीय करीत आहे, हे चार वर्षे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

याला इंग्रजीत ‘स्टेप असाइड’ म्हणतात. खाली उतरणे नव्हे, बाजूला होणे. पद नावावर ठेवून काम दुसऱ्याला करू देणे. चौकशी सुरू असलेला अधिकारी ‘स्टेप असाइड’ होतो, तेव्हा तो परत येण्याच्या आशेवर असतो. रॉबर्ट्स मात्र परत न येण्यासाठी बाजूला झाले होते. १९५० मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि पाळीची पद्धत संपली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. दोनच वर्षांनी, जानेवारी १९५३ मध्ये, ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. ‘स्टेप असाइड’ १९४६ मध्ये आणि ‘स्टेप डाउन’ १९५० मध्ये. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही वाक्प्रचारांतला फरक इतका स्वच्छ दिसण्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा रॉबर्ट्स यांचे वय ५७ होते. प्रकृती ठीक होती. बिशपांचे काम आणखी वीस वर्षे करता आले असते. त्यानंतर ते कोणत्याही धर्मप्रांताचे प्रमुख झाले नाहीत. लंडनच्या येशूसंघीय घरात राहिले. प्रवचने दिली, लेख लिहिले. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली तेव्हा आर्चबिशप या नात्याने ते तिथे बसले, आणि युद्ध, अण्वस्त्रे, सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून सैन्यात जायला नकार देणाऱ्यांचे हक्क अशा अवघड विषयांवर बोलत राहिले. वरिष्ठांना ते कधीकधी डोईजडही वाटत. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे आसनावर काढली त्याहून कितीतरी अधिक वर्षे ते आसन सोडल्यावर जगले. पद गेल्यावर माणसाने गप्प बसावे असे काही नाही, फक्त नव्या माणसाच्या कामात हात घालू नये. ग्रेशियस यांच्या कारभारात त्यांनी तो घातला नाही.

पवित्र शास्त्रात पद सोपवण्याचा एक प्रसंग आहे, तो मला फार बोलका वाटतो. गणनाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मोशे, अहरोन आणि अहरोनाचा मुलगा एलाजार होर डोंगरावर चढतात. तिथे सगळ्या लोकांच्या देखत अहरोनाची याजकीय वस्त्रे उतरवून एलाजाराला घातली जातात. अहरोन तिथेच मरण पावतो. येथे वस्त्र उतरते, पण माणूस डोंगर चढलेला असतो.

येथून आपण रोमला जाऊ. ११ फेब्रुवारी २०१३, लूर्द मातेचा सण. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी कार्डिनलांच्या सभेत लॅटिनमध्ये एक छोटे निवेदन वाचले. एका इटालियन महिला पत्रकाराला लॅटिन चांगले येत होते, म्हणून ही बातमी तिने सर्वांच्या आधी जगाला दिली. (लॅटिनचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी!) वयामुळे शरीराची आणि मनाची शक्ती पुरत नाही, असे त्यांनी कारण दिले. २८ फेब्रुवारीच्या रात्री आठ वाजता आसन रिकामे होईल, असे नेमके सांगितले. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘रिझाइन्स’ आणि ‘स्टेप्स डाउन’ असे दोन्ही मथळे दिले. मराठीत ‘पोपचा राजीनामा’ असे छापून आले. आता विचार करा. राजीनामा कोणाकडे तरी द्यावा लागतो. सरपंच तो पंचायत समितीच्या सभापतीकडे देतो, मंत्री मुख्यमंत्र्यांकडे, धर्मगुरू बिशपांकडे, बिशप पोपकडे. पोपने कोणाकडे द्यायचा? ख्रिस्तसभेच्या कायद्यात, कलम ३३२ मध्ये, याचे उत्तर आहे. पोपचा पदत्याग मोकळ्या मनाने झालेला असावा आणि योग्य रीतीने जाहीर केलेला असावा. तो कोणी स्वीकारण्याची गरज नाही. म्हणून लॅटिनमध्ये शब्द आहे ‘रेनुन्सियात्सियो’, त्याग. मराठीत ‘पदत्याग’ हाच योग्य.

त्या वेळी काही भाविकांना वाईट वाटले. पोप जॉन पॉल दुसरे २००५ मध्ये शेवटच्या श्वासापर्यंत पदावर राहिले होते, कंप पावणाऱ्या हातांनी आशीर्वाद देत. प्रभू येशू क्रुसावरून खाली उतरला नाही, मग हे कसे उतरले, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न खोडसाळ नव्हता. शुभवर्तमानात ‘खाली उतर’ असे क्रुसाखालून ओरडतात ते थट्टा करणारे लोक. बेनेडिक्ट यांनी २७ फेब्रुवारीच्या शेवटच्या जाहीर भेटीत त्याचे उत्तर दिले. मी क्रूस सोडत नाही, नव्या रीतीने क्रुसापाशीच राहतो, असा त्याचा आशय होता. नंतर ते व्हॅटिकनच्या आवारातल्या एका छोट्या मठात राहिले, प्रार्थना केली, आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी देवाघरी गेले. सत्तेवरून उतरणे आणि क्रुसावरून उतरणे या दोन गोष्टी इंग्रजीत ‘डाउन’ या एकाच शब्दाने सांगितल्या जातात. म्हणून त्या एक होत नाहीत.

इतिहासात दुसरी बाजूही आहे. १२९४ मध्ये सेलेस्टिन पाचवे पोप झाले. मुळात एकांतात राहणारे संन्यासी. त्यांना कारभार झेपला नाही आणि पाच महिन्यांतच, १३ डिसेंबरला, त्यांनी पद सोडले. त्यांना आपल्या गुहेत परत जायचे होते. पण नव्या पोपला भीती वाटली की यांना पुढे करून कोणी फूट पाडील, आणि त्यांना एका किल्ल्यात ठेवले गेले. १२९६ मध्ये ते तिथेच वारले. १३१३ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. उतरणाऱ्याला खाली जागा द्यावी लागते. ती दिली नाही तर पुढचा कोणी उतरणार नाही, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसेल. याबाबतीत मी सत्ताधाऱ्यांपेक्षा भोवतालच्या लोकांना अधिक दोष देतो.

ख्रिस्तसभेचा कायदा या दोन्ही बाजू जाणतो. ७५ वर्षे पूर्ण झाली की बिशप आणि धर्मगुरू यांनी राजीनामा सादर करावा, अशी विनंती कायदाच करतो, म्हणजे कोणाला कोणाच्या कानात सांगावे लागत नाही. त्याच वेळी कलम १८८ सांगते की अन्यायाने घातलेल्या गंभीर भीतीपोटी किंवा फसवणुकीने घेतलेला राजीनामा मुळात राजीनामाच नव्हे. तो रद्दबातल. पाठीवरचा हात इंग्रजी वाक्यात दिसत नसला, तरी कायद्याला तो शोधावा लागतो.

आता आपल्या समितीकडे. चार-सहा वर्षे ज्यांनी दर महिन्याला हिशेब लिहिला, सणाच्या आदल्या रात्री मांडव घातला, आजाऱ्यांच्या घरी मला घेऊन गेले, त्यांच्यापैकी कोणी राजीनामा दिला नाही, कोणाची उचलबांगडी झाली नाही आणि कोणावर रागही नाही. त्यांची मुदत संपली. ज्यांनी दोन मुदती केल्या त्यांनी तिसरीसाठी उभे राहू नये हा आपलाच नियम आहे, आणि तो नियम करताना हेच सभासद हजर होते. समितीच्या वहीत ‘मुदत पूर्ण झाली’ असेच लिहिले जाईल. मुलांना इंग्रजीत सांगायचे असेल तर ‘देअर टर्म एंडेड’ म्हणावे. ‘स्टेप डाउन’ येथे लागत नाही. ज्यांना ‘तुम्ही राजीनामा का दिला?’ असे विचारले गेले, त्यांना तसे विचारणाऱ्यांनी जाता-येता दोन शब्द बोलून मन मोकळे करावे.

समितीतील एका जागेबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. एका सभासदांची मुदत अजून बाकी आहे, पण घरच्या आजारपणामुळे त्यांना मोकळे व्हायचे आहे. त्यांनी तसे पत्र दिले आहे. हा राजीनामा आहे, आणि तो मी स्वीकारला आहे. नाव येथे देत नाही, कारण आजारपण त्यांच्या घरचे आहे. ज्यांना ते कोण हे ठाऊक आहे त्यांनी घरी जाऊन काही मदत लागते का ते पाहावे.

येत्या रविवारी मिस्सेनंतर जुनी समिती हिशेबाच्या वह्या, कपाटाच्या किल्ल्या आणि मांडवाच्या सामानाची यादी नव्या समितीला सर्वांसमोर देईल. नव्या सभासदांनी यादी मोजून घ्यावी आणि सही करावी. जुन्या सभासदांनी त्यानंतर लगेच घरी जाऊ नये. चहा सगळ्यांसाठी आहे, आणि स्टोव्ह कसा पेटतो ते अजून त्यांनाच माहीत आहे.